दोन शहरांची तुलना कशी मांडावी : इस्तंबूल आणि ब्राझिलिया

दोन शहरांची तुलना करायची म्हटले की बहुतेक जण दोन रकाने आखतात आणि स्थान, क्षेत्रफळ, हवामान, लोकसंख्या अशा ओळी भरत सुटतात. तक्ता भरतो, पण त्यातून काही कळत नाही. भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या हे तीन वेगळे धडे नाहीत. शहर नेमके इथेच का वसले, ते कुणी ठरवले आणि माणसे इथे का येत राहिली, या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतात. तो गुंता उलगडून दाखवणे म्हणजे तुलना. ती कशी करायची हे इस्तंबूल आणि ब्राझिलिया या जोडीवर पाहू. हीच रीत दुसऱ्या कोणत्याही जोडीला लावता येते.

जोडी निवडताना

शहरे नुसती वेगळी असून भागत नाही, काहीतरी समान असावे लागते. एक प्रचंड महानगर आणि एक लहानसे गाव घेतले तर प्रत्येक ओळीत "इथे जास्त, तिथे कमी" एवढेच येते. इस्तंबूल आणि ब्राझिलिया यांना जोडणारा धागा राजधानीचा आहे. इस्तंबूलने १९२३ मध्ये राजधानीपद अंकाराकडे गमावले. ब्राझिलियाने १९६० मध्ये ते रिओ दि जानेरोकडून घेतले. एक शहर दोन समुद्रांच्या मधोमध, दुसरे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत पठारावर. एकाला २,६०० हून जास्त वर्षे झाली, दुसऱ्याला सत्तरही नाहीत. प्रश्न एका वाक्यात लिहून डोळ्यांसमोर ठेवा: "जागा आधी की निर्णय आधी?" पुढे जी माहिती या प्रश्नाला भिडत नाही, ती कितीही रंजक असली तरी बाजूला ठेवायची.

आधी हद्द ठरवा

तुलना बहुतेक वेळा इथेच बिघडते, आणि बिघडल्याचे शेवटपर्यंत लक्षात येत नाही. "इस्तंबूलची लोकसंख्या" म्हणजे कोणत्या हद्दीतली? जुन्या तटबंदीच्या आतला भाग, सलग बांधकाम असलेला भाग, महापालिका आणि प्रांत अशा चार हद्दी संभवतात. २००४ च्या कायद्याने इस्तंबूल महानगरपालिकेची हद्द प्रांताच्या हद्दीला नेऊन भिडवली. त्यामुळे त्यानंतर "शहर" आणि "प्रांत" यांचा आकडा एकच येतो. त्याआधीचे आकडे मात्र वेगवेगळे आहेत. २००० चा शहराचा आकडा आणि २०२३ चा प्रांताचा आकडा शेजारी ठेवले, तर वाढीचा काही भाग नुसता कागदावर झालेला असतो.

ब्राझिलियाची अडचण उलट आहे. ब्राझीलच्या फेडरल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे राजधानीच्या वेगळ्या संघीय प्रदेशात, नगरपालिका नाहीतच. तो ३५ प्रशासकीय विभागांत वाटलेला आहे. विमानाच्या आकाराचा म्हणून ओळखला जाणारा, छायाचित्रांत दिसणारा भाग म्हणजे प्लानो पिलोतो, आणि त्या विभागात साधारण सव्वादोन लाख लोक राहतात. संपूर्ण डिस्ट्रिक्टची लोकसंख्या मात्र २०२२ च्या जनगणनेत सुमारे २८.२ लाख भरली. "ब्राझिलियाची लोकसंख्या" म्हणून हे दोन्ही आकडे वापरात दिसतात आणि त्यांत बारा पटींहून अधिक फरक आहे.

या जोडीसाठी इस्तंबूल प्रांत आणि फेडरल डिस्ट्रिक्ट ही एकके घ्यावीत. कारण व्यावहारिक आहे. डिस्ट्रिक्टचे क्षेत्रफळ सुमारे ५,७६० चौ.किमी. आणि इस्तंबूल प्रांताचे सुमारे ५,३४० चौ.किमी., म्हणजे जवळजवळ सारखे. इस्तंबूलसाठी ५,२०० पासून ५,४६० पर्यंत आकडे सापडतील. हा फरक मुख्यतः तलाव आणि जलाशय धरले की वगळले यावर पडतो. एक आकडा निवडा, तक्त्याखाली तो लिहा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

हद्द काळानुसारही सरकते. यालोव्हा पूर्वी इस्तंबूल प्रांतात होते, १९९५ मध्ये त्याचा वेगळा प्रांत झाला. म्हणून १९९० ची इस्तंबूलची लोकसंख्या जुन्या हद्दीत सुमारे ७३ लाख, तर यालोव्हा वगळून सुमारे ७२ लाख अशी दोन प्रकारे मिळते. तुलना आजच्या हद्दीशी असेल तर दुसरा आकडा घ्यायचा.

आणखी एक नोंद हवी: हद्दीबाहेर सांडलेली वस्ती. ब्राझिलियात कामाला येणारी असंख्य माणसे शेजारच्या गोइयास राज्यात राहतात. तिथले आग्वास लिंदास हे गाव दोन लाखांच्या पुढे गेले आहे, पण डिस्ट्रिक्टच्या आकड्यात त्यातला एकही माणूस नाही. इस्तंबूलच्या पूर्वेला गेब्झेची वस्तीही शहराला जवळजवळ चिकटली आहे, पण ती मोजली जाते कोजाएली प्रांतात.

नकाशा आणि छेद

दोन्ही नकाशे एकाच प्रमाणावर काढा. छापील पुस्तकांत प्रत्येक शहर पानाच्या चौकटीत बसवलेले असते, त्यामुळे प्रमाण बदलते आणि डोळा फसतो. १ सेंमी = ५ किमी हे प्रमाण घेतले तर दोन्ही एकके प्रत्येकी एका मोठ्या कागदावर मावतात. ट्रेसिंग कागदावर एक काढून दुसऱ्यावर ठेवले की फरक लगेच दिसतो. इस्तंबूल पूर्व-पश्चिम लांबट आहे आणि मधोमध बॉस्फरस सामुद्रधुनीने कापलेले. फेडरल डिस्ट्रिक्ट जवळजवळ आयत आहे: उत्तर व दक्षिण सीमा अक्षवृत्तांना धरून आखलेल्या, पूर्वेला प्रेतो आणि पश्चिमेला देस्कोबेर्तो नदी. एका शहराचा आकार पाण्याने ठरवला आणि दुसऱ्याचा बराचसा पट्टीने, हे वाक्य लिहिण्याआधी नकाशात दिसले पाहिजे.

शहराच्या गाभ्यासाठी वेगळा, मोठ्या प्रमाणाचा नकाशा लागतो. त्यात दोनच रेषा ठळक करा: मार्मारा समुद्रापासून गोल्डन हॉर्न या खाडीपर्यंत जाणारी पाचव्या शतकातली थिओडोसियसची तटबंदी, लांबी सुमारे ६ किमी, आणि प्लानो पिलोतोचा निवासी भागांना जोडणारा वक्र अक्ष, लांबी सुमारे १४ किमी. एक पायी चालणाऱ्या माणसांचे शहर आणि एक मोटारींसाठी आखलेले, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग जमिनीचा छेद काढा. आडवे प्रमाण १ सेंमी = २ किमी आणि उभे १ सेंमी = १०० मीटर घेतले तर उंची २० पटींनी वाढवून दिसते; हे छेदाखाली नोंदवायला विसरू नका. दोन्ही छेद शून्यापासूनच सुरू करा. इस्तंबूल समुद्रातून वर येते, बॉस्फरसमध्ये खाली जाते आणि आशियाई बाजूला चामलिजा टेकडीवर सुमारे २६५ मीटरपर्यंत चढते. ब्राझिलियात सगळ्यात खालचा ठळक बिंदू म्हणजे पारानोआ तलाव, आणि त्याचीच पातळी सुमारे १,००० मीटर. तिथून शहराचा मुख्य अक्ष हळूहळू १,१७० मीटरपर्यंत जातो. ब्राझिलियाचा छेद १,००० मीटरपासून सुरू केला तर हे सपाट पठार डोंगराळ वाटू लागते. अशी चूक फार वेळा होते.

हवामानात महिन्यांचा घोळ टाळा. ब्राझिलिया १६ अंश दक्षिणेला आहे. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतचे आलेख एकाखाली एक ठेवले की इस्तंबूलचा हिवाळा ब्राझिलियाच्या उन्हाळ्यावर बसतो. ब्राझिलियाचा आलेख जुलैपासून सुरू करा, म्हणजे ऋतू जुळतील. मग दिसते की इस्तंबूलमध्ये पावसाचा जोर हिवाळ्यात, तर ब्राझिलियात मे ते सप्टेंबर हा हिवाळी काळ कोरडा असतो. तिथे सलग शंभर दिवस पाऊस न पडणे नवलाचे नाही, आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. तापमानाची वार्षिक सरासरी देऊन थांबू नका. सर्वांत थंड आणि सर्वांत उष्ण महिन्यांतला फरक द्या: इस्तंबूलमध्ये तो सुमारे १८ अंश, ब्राझिलियात ४ अंशांच्या आसपास.

पाण्याचा धागा

भूगोलातून इतिहासाकडे जायला एक पूल लागतो. या जोडीत तो पाण्याचा आहे आणि त्याला भरपूर जागा द्यावी.

इस्तंबूलची जागा ओळखली गेली ती खाऱ्या पाण्यामुळे. काळ्या समुद्रातून बाहेर पडणारे प्रत्येक जहाज सुमारे ३० किमी लांबीच्या आणि सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ७०० मीटर रुंदीच्या सामुद्रधुनीतून जाते. तिच्या तोंडाशी गोल्डन हॉर्नचे नैसर्गिक बंदर आहे. मेगारा या ग्रीक नगरातल्या लोकांनी इ.स.पू. सातव्या शतकात इथे बायझँटियम वसवले ते याच बळावर. पण तीन बाजूंनी समुद्र असलेल्या या टोकावर गोडे पाणी तुटपुंजे. म्हणून शहर वाढले की प्रत्येक वेळी पाण्यासाठी हात आणखी लांब करावा लागला. चौथ्या शतकात व्हॅलेन्सचा जलसेतू, पुढे भूमिगत टाक्या, ऑटोमन काळात उत्तरेच्या जंगलातले बंधारे आणि आता पूर्वेकडे सुमारे १८० किमीवरून येणारे मेलेन नदीचे पाणी.

ब्राझिलियात उलट कारणाने तीच टंचाई आहे. हे पठार मोठ्या नद्यांचे उगमस्थान आहे. डिस्ट्रिक्टमधल्या आग्वास एमेंदादास या एकाच पाणथळीतून निघालेले पाणी एकीकडे उत्तरेला तोकांतिन्स नदीकडे आणि दुसरीकडे दक्षिणेला पाराना नदीकडे जाते. पण उगमापाशी नदी लहानच असते. पाणलोटाच्या माथ्यावर बसलेल्या शहराच्या हाती ओढेच येतात. शहर आखताना पाच लाख माणसे गृहीत धरली होती आणि झाली त्याच्या पाचपटीहून अधिक. जानेवारी २०१७ ते जून २०१८ इथे पाणी पाळीपाळीने सोडावे लागले.

एक शहर समुद्राकाठी तहानलेले, दुसरे नद्यांच्या उगमाशी. असा एक धागा सापडला की "भौगोलिक स्थान" हा वेगळा परिच्छेद लिहावाच लागत नाही. दुसरी जोडी घेतली तर असा धागा वाऱ्याचा, खनिजाचा किंवा खिंडीचाही असू शकेल. तो सापडेपर्यंत लेखनाला हात घालू नका.

इतिहासासाठी दोन पट्ट्या

२,६०० वर्षे आणि ६५ वर्षे एका कालरेषेवर नीट बसत नाहीत. १ सेंमी = १०० वर्षे घेतले तर इस्तंबूलला सुमारे २७ सेंमी लागतात (आडव्या ए-फोर कागदावर हे मावते) आणि ब्राझिलिया अर्ध्या सेंमीहून जरा मोठी खूण होते. ही पट्टी काढाच, कारण तो फरक दिसायला हवा. पण तिच्याखाली दुसरी पट्टी काढा: १९२० पासून आजपर्यंत, १ सेंमी = ५ वर्षे, लांबी साधारण २१ सेंमी. तिच्यावर दोन्ही शहरे समान अंतराने चालतील. इसवीसनापूर्वीची वर्षे मोजताना शून्य वर्ष नसते हे लक्षात ठेवा; इ.स.पू. ६६० ते इ.स. ३३० हे अंतर ९९० नव्हे, ९८९ वर्षांचे आहे.

लांब पट्टीवर फार नोंदी नकोत. ज्या घटनेने शहराचा दर्जा किंवा माणसांची संख्या बदलली तीच घ्या. ११ मे ३३० रोजी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने शहराचे नवी राजधानी म्हणून उद्घाटन केले. ५४१-५४२ मध्ये प्लेग. १२०४ मध्ये चौथ्या क्रूसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) सैन्याने केलेली लूट. २९ मे १४५३ रोजी ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदचा विजय. १९२३ मध्ये राजधानी अंकाराला. नावाबाबत काटेकोर राहा. १४५३ लाच शहराचे कॉन्स्टँटिनोपल हे नाव बदलले हा समज चुकीचा आहे. इस्तंबूल हेच अधिकृत नाव परदेशी टपालासकट सगळीकडे वापरावे असा आग्रह १९३० मध्ये धरला गेला.

ब्राझिलियाचा इतिहास १९६० पासून सुरू करणे हीसुद्धा चूकच. १८९१ च्या राज्यघटनेनेच मध्य पठारावर राजधानीसाठी १४,४०० चौ.किमी. राखून ठेवले होते, खगोलशास्त्रज्ञ क्रुल्स यांच्या पथकाने १८९२ पासून जागेची पाहणी केली आणि १९२२ मध्ये पायाचा दगडही बसला. म्हणजे हा निर्णय शहराआधी जवळपास सत्तर वर्षे कागदावर होता. जुसेलिनो कुबिचेक १९५६ मध्ये अध्यक्ष झाले, १९५७ मध्ये नगररचनाकार लुसिओ कोस्ता यांचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला, इमारती वास्तुरचनाकार ऑस्कर नीमायर यांनी रेखाटल्या आणि २१ एप्रिल १९६० रोजी राजधानीचे उद्घाटन झाले. १९८७ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, तेव्हा शहराचे वय २७ वर्षे होते.

लोकसंख्या: आकडे कसे हाताळावेत

जनगणनेआधीच्या काळासाठी आकडा नव्हे, पल्ला लिहा आणि तो कसा काढला तेही सांगा. १४७७ च्या सुमारास ऑटोमन मोजणीत इस्तंबूल आणि गोल्डन हॉर्नपलीकडचे गलाता मिळून सुमारे १६,००० घरे नोंदली गेली. घरात सरासरी चार माणसे धरली तर ६४ हजार, सहा धरली तर ९६ हजार. "लोकसंख्या ८०,००० होती" असे ठामपणे लिहिणाऱ्याने मधला पाच हा गुणक गुपचूप वापरलेला असतो. शिवाय या वाढीत मेहमेदने साम्राज्यातल्या इतर गावांतून हुकमाने आणून वसवलेली कुटुंबे होती. तो मुद्दा पुढे कामी येईल, बाजूला लिहून ठेवा.

आधुनिक काळाचे आकडे हजारांत किंवा लाखांत पूर्णांकित करून घ्या. इस्तंबूल प्रांत: १९५० मध्ये ११.७ लाख, १९८० मध्ये ४७.४ लाख, २००० मध्ये १ कोटी, २००७ मध्ये १.२६ कोटी, २०२३ मध्ये १.५७ कोटी. फेडरल डिस्ट्रिक्ट: १९६० मध्ये १.४ लाख, १९७० मध्ये ५.४ लाख, १९८० मध्ये ११.८ लाख, १९९१ मध्ये १६ लाख, २००० मध्ये २०.५ लाख, २०१० मध्ये २५.७ लाख, २०२२ मध्ये २८.२ लाख.

आता वाढीचा दर. १९७० ते १९८० मध्ये ब्राझिलिया ११९ टक्क्यांनी वाढले, दहाने भागून "वर्षाला ११.९ टक्के" म्हणणे चूक. वाढ चक्रवाढ असते. शेवटचा आकडा पहिल्याने भागा, जितकी वर्षे तितके मूळ काढा, त्यातून १ वजा करा. उत्तर सुमारे ८.१ टक्के येते. वर्षे मोजतानाही सावध राहा: तिथली जनगणना १९९० ऐवजी १९९१ मध्ये झाली आणि २०२० ची साथीमुळे लांबत २०२२ मध्ये झाली. १९८० ते १९९१ साठी अकरा वर्षे धरली तर दर २.८ टक्के, दहा धरली तर तो ३.१ होतो.

इस्तंबूलच्या मालिकेत एक सांधा आहे. २००० पर्यंत तुर्कस्तानात ठरलेल्या दिवशी लोकांना घरात थांबवून दारोदार मोजणी होत असे, म्हणजे त्या दिवशी जो जिथे सापडला तिथे मोजला गेला. २००७ पासून नोंदणीकृत पत्त्यावरून दरवर्षी आकडा निघतो. २००० ते २००७ मध्ये दिसणारी वर्षाला ३.३ टक्के वाढ हे दोन वेगळ्या मापांमधले अंतर आहे. आलेखात तिथे रेष तुटक काढा. एका वर्षाच्या हालचालीवरूनही निष्कर्ष काढू नका: २०२३ मध्ये आकडा सुमारे अडीच लाखांनी घटला, २०२४ मध्ये पुन्हा किंचित वाढला.

घनता काढणे सोपे आहे: इस्तंबूल दर चौ.किमी.ला सुमारे २,९००, ब्राझिलिया ४९०, म्हणजे सहास एक. पण ही सरासरी प्रत्यक्षात जवळजवळ कुठेच सापडत नाही. इस्तंबूलमध्ये गुंगोरेन या सुमारे ७ चौ.किमी.च्या तालुक्यात अडीच लाखांहून जास्त लोक आहेत, घनता ३५,००० च्या पुढे. काळ्या समुद्राकाठच्या शिलेत सुमारे ८०० चौ.किमी.वर पन्नास हजारही नाहीत. म्हणून सर्वांत दाट आणि सर्वांत विरळ असा एकेक विभाग दोन्हीकडून द्या. विभाग निवडताना त्याची हद्द पाहा. ब्राझिलियात २०१९ मध्ये सोल नासेंते हा भाग सेलांदियातून काढून वेगळा विभाग केला, त्यामुळे सेलांदियाचे २०१० आणि २०२२ चे आकडे सरळ वजा करता येत नाहीत.

विरोध कुठे तुटतो ते शोधा

सगळे जमले की "आपोआप वाढलेले" इस्तंबूल आणि "ठरवून बांधलेले" ब्राझिलिया असा निष्कर्ष लिहायचा मोह होतो. त्यावर एकदा उलटा हात फिरवा. कॉन्स्टंटाइनने ३३० मध्ये केले तेही एका माणसाच्या निर्णयाने राजधानी हलवणेच होते, आणि मेहमेदची वसाहत हुकमाचीच. दुसरीकडे ब्राझिलियाच्या आराखड्यात बांधकाम मजुरांसाठी कायमची जागा नव्हती. त्यांनी झोपड्या टाकल्या. तागुआतिंगा हे उपनगर १९५८ मध्ये, मुख्य शहराच्या उद्घाटनाआधीच वसवावे लागले. १९७१ मध्ये अशा वस्त्या हटवण्याच्या मोहिमेतून सेलांदिया उभे राहिले, आणि त्याच्या Ceilândia या मूळ स्पेलिंगमधली "Cei" ही अक्षरे त्या मोहिमेच्याच नावाची आद्याक्षरे आहेत. त्याच दशकांत इस्तंबूलच्या कडांवर अनातोलियातून आलेली माणसे "गेजेकोंदू", म्हणजे रातोरात उभारलेली घरे बांधत होती.

हा परिच्छेद तुलनेचा गाभा आहे. त्याला निष्कर्षाआधी पूर्ण जागा द्या. मग मजकुराची रचना शहरवार न करता प्रश्नवार करा: एका परिच्छेदात दोन्ही शहरे यावीत, निदान पानाच्या आत तरी. पहिला अर्धा इस्तंबूल आणि दुसरा अर्धा ब्राझिलिया असे लिहिले तर तुलना वाचणाऱ्यालाच करावी लागते.

शेवटची तपासणी आकड्यांची. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष, हद्द आणि मोजणीची पद्धत या तीन गोष्टी आहेत का ते बोट ठेवून पाहा. यांतली एक जरी नसेल तर तो आकडा काढून टाका.